प्रतिजैविकांचे गायरान

डिसेंबर २०२५च्या अखेरीस पंतप्रधानांनी आपल्या मासिक नभोवाणी भाषणात एका अनपेक्षित विषयाला हात घातला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या अहवालाचा हवाला देऊन त्यांनी सांगितले की, न्यूमोनिया आणि मूत्रमार्गाचा संसर्ग यांसारख्या विकारांवर प्रतिजैविके दुबळी ठरू लागली आहेत. तेव्हा डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून ती कोणी घेऊ नयेत. त्याआधी महिनाभर, नोव्हेंबरात, केंद्र सरकारने याच प्रश्नावरील दुसरा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला होता. आणि ऑक्टोबरात जागतिक आरोग्य संघटनेने जगाचा हिशेब मांडला होता: २०२३ साली प्रयोगशाळेत सिद्ध झालेल्या दर सहा जंतुसंसर्गांपैकी एक प्रतिजैविकांना दाद न देणारा निघाला, भारत ज्यात मोडतो त्या आग्नेय आशिया विभागात हे प्रमाण तिनास एक असे आहे.

न्यूमोनियाचे गांभीर्य कोणाला सांगावे लागत नाही. मूत्रमार्गाच्या संसर्गाची गोष्ट वेगळी आहे. हे दुखणे मुख्यतः स्त्रियांचे. त्याने सहसा मृत्यू येत नाही, आणि घरातल्या घरातसुद्धा त्याविषयी मोकळेपणाने बोलले जात नाही. वृत्तपत्रांच्या अग्रलेखांत त्याला आजवर जागा मिळाली नाही, यात नवल नाही. तथापि प्रतिजैविकांचा प्रश्न हा जितका वैद्यकाचा तितकाच अर्थकारणाचा आहे, आणि त्यातील अर्थकारण या उपेक्षित दुखण्यात जितके स्वच्छ दिसते तितके अन्यत्र क्वचितच दिसते.

मराठी घरात या दुखण्याला जुने नाव आहे: उन्हाळी लागणे. लघवीला जळजळ, वारंवार जावेसे वाटणे, ओटीपोटात दुखणे ही त्याची लक्षणे, आणि धन्या-जिऱ्याचे पाणी, सब्जाचे बी, वाळा हे त्यावरचे तितकेच जुने उपाय. नावच ऋतूचे असल्याने दुखणे उन्हाचे, अंगातल्या उष्णतेचे, असा समज रूढ झाला. प्रत्यक्षात तीन-चतुर्थांश किंवा त्याहून अधिक वेळा त्याला कारण असतो तो ई. कोलाय हा जंतू. थिओडोर एशेरिश या बालरोगतज्ज्ञाने १८८५ मध्ये त्याचे वर्णन केले. माणसाच्या आतड्यात तो पिढ्यान्‌पिढ्या निरुपद्रवीपणे नांदत आला आहे. मूत्रमार्गात शिरला की मात्र त्याचा उपद्रव सुरू होतो. स्त्रीच्या शरीरात मूत्राशयापासून बाहेर येणारी नलिका सुमारे चार सेंटिमीटर लांबीची असते, पुरुषाच्या शरीरात सुमारे वीस. या सोळा सेंटिमीटरांच्या फरकाची किंमत स्त्रियांना मोजावी लागते. निम्म्याहून अधिक स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी हा संसर्ग होतो, आणि ज्यांना होतो त्यांपैकी साधारण चौथ्या हिश्श्याला सहा महिन्यांच्या आत तो पुन्हा गाठतो.

जंतू बाहेरून येत नाही, तो स्वतःच्याच आतड्यातून येतो, ही गोष्ट येथे विशेष ध्यानात घेतली पाहिजे. जानेवारीत खोकल्यासाठी घेतलेले प्रतिजैविक आतड्यातील ई. कोलायवरही आपला परिणाम करून जाते. दुबळे जंतू मरतात, औषधाला पुरून उरणारे वाढतात, आणि मार्चमध्ये उन्हाळी लागते ती या निवडून राहिलेल्या जंतूंमुळे. प्रतिजैविक घेतल्यानंतर माणसाच्या शरीरातील जंतूंत आलेली ही प्रतिकारशक्ती वर्षभरापर्यंत टिकू शकते, असे या विषयावरील अनेक अभ्यासांचा एकत्र विचार करून २०१० मध्ये ब्रिटिश संशोधकांनी दाखवून दिले. अनेकदा हा खोकला विषाणूमुळे आलेला असतो, म्हणजे ते प्रतिजैविक मुळात निरुपयोगीच असते.

एकामागून एक ढासळलेले बुरूज

या संसर्गावरील औषधांचा इतिहास सत्तर वर्षांचा आहे. नायट्रोफ्युरँटॉइन १९५०च्या दशकात आले, नॅलिडिक्सिक आम्ल आणि अँपिसिलिन १९६०च्या दशकात. त्यामागून को-ट्रायमॉक्झाझोल आले आणि स्वस्त असल्यामुळे खेडोपाडी पोहोचले. १९८०च्या दशकात नॉरफ्लॉक्सासिन व सिप्रोफ्लॉक्सासिन यांनी बाजार काबीज केला. पुढे सिफिक्झिमचा जमाना आला. प्रत्येक औषध पहिली काही वर्षे रामबाण ठरले, मग बेभरवशाचे झाले आणि त्याची जागा अधिक महाग औषधाने घेतली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या आकडेवारीप्रमाणे ई. कोलायमुळे झालेल्या मूत्रमार्गाच्या दर पाच संसर्गांपैकी एक अँपिसिलिन, को-ट्रायमॉक्झाझोल किंवा सिप्रोफ्लॉक्सासिनच्या वर्गातील औषधे यांना पुरेशी दाद देत नव्हता. भारतातील मोठ्या रुग्णालयांची स्थिती याहून पुष्कळ वाईट आहे. सर्वांत शेवटी वापरावयाच्या, शिरेतून द्याव्या लागणाऱ्या औषधांत कार्बापेनेम हा वर्ग मोडतो. त्यातील इमिपेनेमला २०१७ मध्ये ई. कोलायचे शंभरापैकी ८१ नमुने दाद देत होते. २०२३ मध्ये हा आकडा ६३ वर आला. सहा वर्षांत अठरा अंकांची ही घसरण आहे. एखाद्या बँकेच्या गंगाजळीत ती झाली असती तर ठेवीदारांनी दारात रांगा लावल्या असत्या.

या पडझडीत एक अपवाद आहे आणि तो उद्बोधक आहे. सर्वांत जुने नायट्रोफ्युरँटॉइन आजही साध्या मूत्राशयदाहावर बऱ्याच अंशी गुणकारी राहिले आहे. वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मार्गदर्शक सूचनांत त्याला पहिली पसंती आहे. याची कारणे एकाहून अधिक आहेत, पण त्यांपैकी एक असे की, हे औषध केवळ लघवीत साठते. रक्तात वा फुप्फुसात पुरेशा प्रमाणात पोहोचत नाही. त्यामुळे खोकला, ताप, जखमा, दाढदुखी यांवर ते कोणी दिलेच नाही. (मूत्रपिंडापर्यंत संसर्ग पोहोचला तर तेथेही त्याचा उपयोग नाही.) थोडक्यात, त्या कुरणात इतरांची गुरे शिरू शकली नाहीत, म्हणून तेथे अजून गवत आहे.

आपल्या देशाचे नाव या इतिहासात एका अप्रिय कारणाने कोरले गेले आहे, आणि तेही मूत्रमार्गाच्या संसर्गामुळेच. २००८ मध्ये मूळचा भारतीय असलेला एक स्वीडिश रुग्ण नवी दिल्लीत रुग्णालयात होता. स्वीडनला परतल्यावर त्याच्या लघवीत कार्बापेनेमलाही न जुमानणारा क्लेब्सिएला जंतू सापडला. त्या जंतूकडे असलेल्या विकराला २००९ मध्ये ‘न्यू दिल्ली’ असे नाव देण्यात आले. पुढील वर्षी ‘लॅन्सेट’च्या संसर्गविषयक नियतकालिकात त्याच्या प्रसाराचा वृत्तान्त येताच दिल्लीत संताप उसळला, हा भारतातील वैद्यकीय पर्यटनाविरुद्धचा कट असल्याचे सांगण्यात आले. नावाविषयीचा आक्षेप अगदीच निराधार नव्हता, कारण शहराचे नाव रोगाला चिकटवणे केव्हाही अन्यायाचेच. परंतु २०११ मध्ये त्याच जनुकाचा माग दिल्लीच्या नळाच्या पाण्यात आणि साचलेल्या सांडपाण्यात लागला, तेव्हा या संतापाचा काही अंश तरी पाण्याकडे वळावयास हवा होता. तो वळला नाही.

लाभ एकाचा, तोटा सर्वांचा

पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी डिसेंबर १९४५ मध्ये नोबेल पारितोषिक स्वीकारताना दिलेल्या व्याख्यानाच्या शेवटी एक काल्पनिक उदाहरण दिले होते. एका गृहस्थाचा घसा दुखतो. तो पेनिसिलिन विकत आणतो आणि अपुऱ्या मात्रेत घेतो. जंतू मरत नाहीत, उलट औषधाला तोंड देण्यास शिकतात. तेच जंतू पुढे त्याच्या पत्नीला बाधतात, तिला न्यूमोनिया होतो, पेनिसिलिन लागू पडत नाही आणि ती दगावते. फ्लेमिंग यांचा प्रश्न असा होता की, या मृत्यूला प्राथमिक जबाबदार कोण? पेनिसिलिन तेव्हा नुकतेच सर्वसामान्यांच्या हाती येऊ लागले होते.

फ्लेमिंग जंतुशास्त्रज्ञ होते. पण त्यांनी सांगितलेली गोष्ट अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात शोभावी अशी आहे. औषध घेतो तो एक, त्याचा लाभ त्याला. त्यामुळे होणारा तोटा सोसणारे दुसरेच, आणि ते त्या व्यवहाराला पक्षकारही नसतात. गोळीच्या किमतीत हा तोटा धरलेला नसतो. जी वस्तू तिच्या खऱ्या खर्चापेक्षा स्वस्त मिळते तिचा वापर गरजेपेक्षा जास्त होतो, हा साधा नियम येथे लागू पडतो. गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये सामायिक कुरणाचे उदाहरण देऊन हेच मांडले. गावाच्या गायरानात प्रत्येकाने एक गुरू अधिक सोडले तर प्रत्येकाचा फायदा दिसतो. गायरान मात्र उजाड होते. प्रतिजैविकांची परिणामकारकता हे असेच गायरान आहे. फरक एवढाच की, जमिनीचे गायरान उजाड झालेले डोळ्यांना दिसते.

हार्डिन यांचा निष्कर्ष निराशेचा होता. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले ते बव्हंशी या निराशेला उत्तर दिल्याबद्दल. जगात अनेक ठिकाणी लोकांनी सामायिक संपत्ती स्वतः नियम करून राखली आहे, हे त्यांनी दाखवून दिले. महाराष्ट्राला त्यासाठी लांब जावे लागत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने सिंचनासाठी बोअर घेण्यास मनाई केली, उसाला फाटा दिला आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडण्याची प्रथा पाडली. पण तेथे जे शक्य झाले त्याला दोन गोष्टींचे पाठबळ होते, हे विसरता येत नाही: विहिरीत किती पाणी आहे हे सर्वांना कळत होते, आणि ऊस सोडणाऱ्याला दुसरे पीक घेता येत होते. प्रतिजैविकांच्या बाबतीत या दोन्ही गोष्टींची वानवा आहे. माहिती नाही आणि पर्यायही नाही. आहे ती फक्त मनाई.

दुकानाच्या फळीपाशी

मनाईचा इतिहास पाहण्यासारखा आहे. १ मार्च २०१४ पासून औषध नियमांत ‘एच-१’ नावाची नवी अनुसूची लागू झाली. सिफिक्झिमसारखी सेफॅलोस्पोरिने, कार्बापेनेम आणि इतर औषधे मिळून आरंभी ४६ नावे तिच्यात होती. ही औषधे विकताना दुकानदाराने डॉक्टरचे व रुग्णाचे नाव, औषध आणि त्याचे प्रमाण यांची स्वतंत्र वहीत नोंद करावी आणि ती वही तीन वर्षे जपून ठेवावी, असा दंडक आहे. २०१६ मध्ये गोळ्यांच्या पाकिटावरील तांबड्या रेघेची मोहीम निघाली. कागदावर व्यवस्था चोख आहे. प्रत्यक्षात चिठ्ठीवाचून प्रतिजैविक मिळणे किती सोपे आहे, हे कोणत्याही तालुक्याच्या गावी राहणाऱ्याला सांगण्याची आवश्यकता नाही.

याचा दोष जनतेच्या अज्ञानावर ढकलण्याची सवय आपल्या राज्यकर्त्यांना आहे. अशा गावातील एखाद्या पतपेढीत किंवा शाळेत नोकरी करणारी स्त्री घेतली तर तिचा हिशेब अज्ञानाचा ठरत नाही. दुखणे असह्य आहे. डॉक्टरकडे जायचे तर अर्ध्या दिवसाची रजा, तपासणीची फी आणि बहुधा पुरुष डॉक्टरपुढे करावे लागणारे वर्णन. लघवीचे कल्चर करावयाचे तर काही शे रुपये आणि दोन ते तीन दिवसांची वाट. याउलट औषधांच्या दुकानात नवऱ्याला किंवा मुलाला पाठवले की पाच मिनिटांत गोळ्या घरात, तेही तपासणीच्या खर्चाच्या अंशमात्र किमतीत. ऊसतोडणी किंवा बांधकामावरील मजूर स्त्रीच्या बाबतीत रजेच्या जागी बुडालेली मजुरी येते, आणि मग दहा गोळ्यांऐवजी चारच घेतल्या जातात. तिने केलेली निवड तिच्या परिस्थितीत सर्वांत शहाणपणाची आहे. समाजाच्या दृष्टीने ती घातक आहे. खासगी शहाणपण आणि सामाजिक हित यांची जेथे फारकत होते तेथे उपदेशाचा उपयोग होत नाही, किमतींची मांडणी बदलावी लागते. केवळ दुकानाची फळी बंद केली आणि दुसरे दार उघडले नाही, तर तो गायरान वाचवण्याचा सारा खर्च सर्वांत गरीब गुराख्याकडून वसूल करण्याचा प्रकार होईल.

डॉक्टरांची अडचणही समजून घेतली पाहिजे. कळा येत असलेल्या स्त्रीला अहवाल येईपर्यंत तीन दिवस थांबा असे कोणताही सहृदय डॉक्टर सांगणार नाही आणि सांगूही नये. तो अंदाजाने औषध देतो. हा अंदाज बरोबर येण्यासाठी त्या परिसरातील जंतू कोणत्या औषधाला दाद देतात, याची माहिती त्याच्यापाशी असावी लागते. येथेच व्यवस्थेचे मोठे वैगुण्य आहे. २०१३ मध्ये सुरू झालेले वैद्यकीय संशोधन परिषदेचे निरीक्षण जाळे प्रामुख्याने मोठ्या रुग्णालयांवर आधारलेले आहे. तेथे पोहोचणारे रुग्ण आधीच तीन-चार औषधे खाऊन आलेले, अतिदक्षता विभागातील, मूत्राशयात नळी घातलेले असे असतात. त्यांच्या जंतूंची स्थिती ही गावातील पहिल्यांदाच उन्हाळी लागलेल्या तरुणीच्या जंतूंची स्थिती नव्हे. पण डॉक्टरच्या कानावर येतात ते आकडे पहिल्या प्रकारचे. ते ऐकून तो घाबरतो आणि पाच दिवसांच्या नायट्रोफ्युरँटॉइनने जे भागले असते त्यासाठी अधिक जालीम औषध लिहितो. प्रतिकाराच्या भीतीनेच प्रतिकार वाढतो. प्रस्तुत आकडे खोटे आहेत असे नव्हे. ते चुकीच्या प्रश्नाचे उत्तर म्हणून वापरले जात आहेत.

भारतीय लोक वाटेल तितकी प्रतिजैविके खातात, हा लोकप्रिय आरोपही तपासून पाहण्याजोगा आहे. २०१९च्या खासगी विक्रीच्या आकड्यांवर आधारलेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात देशाचा दरडोई वापर अनेक युरोपीय देशांपेक्षा कमीच आढळला. चिंता वापराच्या प्रमाणापेक्षा प्रकाराची आहे. विकल्या गेलेल्या प्रतिजैविकांपैकी जवळजवळ निम्मी अशी मिश्रणे वा रूपे होती की, ज्यांना केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता नव्हती. नाण्याची दुसरी बाजू याहून विदारक आहे. कार्बापेनेमला न जुमानणाऱ्या गंभीर संसर्गांचा आठ देशांतील २०१९चा हिशेब २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात शंभरापैकी सात रुग्णांनाही योग्य औषध मिळाले नसावे असे दिसते, आणि भारत त्या आठांपैकी एक. ज्या औषधाची गरज नाही ते कोपऱ्यावरच्या दुकानात, आणि ज्याची गरज आहे ते आवाक्याबाहेर, असा हा बाजार आहे.

यशस्वी औषध, बुडालेली कंपनी

नवी औषधे येतील आणि प्रश्न सुटेल, अशी आशा बाळगणाऱ्यांनी प्लाझोमायसिनची हकीकत पाहावी. मूत्रमार्गाच्या गुंतागुंतीच्या संसर्गावरील या औषधाला जून २०१८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. ते तयार करणाऱ्या अकाओजेन या कंपनीने एप्रिल २०१९ मध्ये, म्हणजे वर्षाच्या आतच, दिवाळखोरीचा अर्ज केला. औषध गुणकारी होते. विक्री होत नव्हती. ती होऊही नये, अशीच वैद्यकाची अपेक्षा असते, कारण असे औषध कपाटात राखून ठेवायचे असते. जी वस्तू जितकी कमी विकली जाईल तितकी समाजाला मोलाची, तिचे उत्पादन विक्रीच्या नफ्यावर चालणारी कंपनी करणार तरी कशी? (या औषधाचे चीन वगळता इतर देशांतील हक्क पुढे मुंबईच्या सिप्ला कंपनीच्या अमेरिकी शाखेने लिलावात घेतले.) ब्रिटनने २०२२ मध्ये यावर एक तोड काढली. दोन राखीव प्रतिजैविकांसाठी सरकार कंपन्यांना ठरावीक वार्षिक रक्कम देते, औषध किती खपले याचा त्याच्याशी संबंध नाही. अग्निशामक दलाला आगींच्या संख्येवर पगार दिला जात नाही, त्यातलाच हा प्रकार.

संशोधन थांबलेले नाही, हेही नमूद केले पाहिजे. चेन्नईच्या ऑर्किड कंपनीत शोधलेल्या एनमेटाझोबॅक्टम या द्रव्याचा समावेश असलेल्या इंजेक्शनला फेब्रुवारी २०२४ मध्ये मूत्रमार्गाच्या गुंतागुंतीच्या संसर्गासाठी अमेरिकेची मान्यता मिळाली, ही भारतीय संशोधनाच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हे. मार्च २०२५ मध्ये जेपोटिडासिन या गोळीला तेथे मान्यता मिळाली; स्त्रियांच्या साध्या मूत्रमार्गसंसर्गासाठी नव्या वर्गातील तोंडाने घेण्याचे प्रतिजैविक यायला जवळजवळ तीस वर्षे लागली. या गतीने येणाऱ्या औषधांच्या भरवशावर आजची औषधे उधळणे परवडणारे नाही.

पाणी आणि आडोसा

मग संसर्गच कमी व्हावेत यासाठी काय करता येईल, हा प्रश्न उरतो. आणि त्याचे उत्तर आश्चर्य वाटावे इतके साधे आहे. ज्यांना हा त्रास वारंवार होतो आणि ज्या पाणी कमी पितात अशा १४० स्त्रियांवर बल्गेरियात एक प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्या स्त्रियांना रोज दीड लिटर पाणी अधिक पिण्यास सांगितले गेले. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा संसर्ग झाला, उरलेल्यांना ३.२ वेळा. प्रतिजैविकांची गरजही तशीच जवळपास निम्म्यावर आली. धन्या-जिऱ्याच्या पाण्यातील धन्या-जिऱ्यांविषयी काहीही असो, पाण्याविषयी आजीबाईंचे चुकले नव्हते.

परंतु ज्या देशात स्त्री मुद्दाम पाणी पीत नाही, तेथे हा सल्ला कोणाला द्यावयाचा? सकाळी घर सोडल्यापासून संध्याकाळी परत येईपर्यंत स्वच्छ आडोसा मिळणार नाही याची खात्री असल्याने असंख्य शिक्षिका, परिचारिका, वाहक, भाजीविक्रेत्या दिवसभर घसा कोरडा ठेवतात. मुंबईत २०११ मध्ये स्त्रियांच्या संघटनांनी ‘राइट टू पी’ ही चळवळ सुरू केली तेव्हा पुरुषांना जी सोय फुकट मिळते तिच्यासाठी स्त्रियांकडून पैसे घेतले जातात, हा त्यांचा एक मुख्य आक्षेप होता. पुष्कळांना तो विषय तेव्हा थट्टेचा वाटला. मार्च २०२३ पासून राज्य परिवहनाच्या गाड्यांत स्त्रियांना अर्धे तिकीट झाले. प्रवासी स्त्रियांची संख्या वाढली, हे चांगलेच झाले. त्या प्रमाणात बसस्थानकांवरील स्वच्छतागृहांची संख्या आणि अवस्था सुधारली काय, याचे उत्तर कोणत्याही स्थानकावर उतरून पाहता येते. सार्वजनिक स्वच्छतागृहावरील खर्च अंदाजपत्रकात नगरविकासाच्या खात्यात पडतो आणि प्रतिजैविकांचा प्रश्न आरोग्याच्या. दोहोंचा संबंध जोडणारा रकाना कोठेच नाही.

प्रतिबंधाचे आणखी दोन उपाय केवळ त्यांत कोणाचा फायदा नाही म्हणून मागे पडले आहेत. रजोनिवृत्तीनंतर वारंवार होणारा संसर्ग स्थानिक इस्ट्रोजेनच्या मलमाने पुष्कळ कमी होतो, हे इस्रायलमधील प्रयोगाने १९९३ मध्येच दाखवले होते. मेथेनामाइन हे औषध तर शंभर वर्षांहून जुने; ते प्रतिजैविकही नव्हे. रोज घ्यावयाच्या प्रतिजैविकाच्या तुलनेत ते कमी पडत नाही, असा २४० स्त्रियांवरील ब्रिटिश चाचणीचा निर्वाळा २०२२ मध्ये मिळाला. जुन्या औषधाला पेटंट नसते आणि त्याची भलामण करत दवाखान्यांच्या पायऱ्या चढणारा कंपनीचा प्रतिनिधीही नसतो.

स्त्रियांच्या या दुखण्यामागे शेती आणि उद्योगही उभे आहेत. कोंबड्यांना वाढीसाठी चारले जाणारे कोलिस्टिन भारताने जुलै २०१९ मध्ये बंद केले, ते योग्यच झाले. उलट, हैदराबादजवळील पाटणचेरू येथे औषध कारखान्यांच्या सांडपाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिनचे प्रचंड प्रमाण आढळल्याचे स्वीडिश संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केले होते. तेरा वर्षांनी, जानेवारी २०२०च्या मसुद्यात, सांडपाण्यातील प्रतिजैविकांवर मर्यादा सुचवण्यात आल्या आणि २०२१च्या अंतिम अधिसूचनेतून त्या वगळण्यात आल्या. रुग्णाला दहा गोळ्यांसाठी चिठ्ठी मागणाऱ्या सरकारने कारखान्याच्या बाबतीत ही उदारता का दाखवली, याचा खुलासा व्हावयास हवा.

केरळने २०१८ मध्ये देशातील पहिला राज्यस्तरीय आराखडा केला आणि जानेवारी २०२४ पासून चिठ्ठीवाचून होणाऱ्या विक्रीविरुद्ध औषध दुकानांच्या अचानक तपासण्या सुरू केल्या. तेथे हे पेलले, कारण सरकारी आरोग्य केंद्र जवळ आहे आणि लोकांचा त्यावर विश्वास आहे. दुकानातून परत पाठवलेल्या स्त्रीला जाण्यासाठी दुसरे ठिकाण होते. महाराष्ट्रात ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. त्या सवलतीत लघवीचे कल्चर ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीवर खरोखर होते काय, आणि आठवड्यातून निदान दोन दिवस तेथे स्त्री डॉक्टर बसते काय, एवढे पाहिले तरी दुकानाच्या फळीपाशी होणारा हिशेब बदलू लागेल. दुसरे काम माहितीचे. प्रत्येक जिल्हा रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत लघवीच्या नमुन्यांचे निष्कर्ष नोंदले जातातच. बाह्यरुग्ण विभागातील स्त्रियांचे निष्कर्ष वेगळे काढून, जिल्ह्यातील जंतू कोणत्या औषधाला किती दाद देतात याचा एकपानी तक्ता वर्षातून दोनदा गावोगावच्या डॉक्टरांना आणि औषध दुकानदारांना धाडता येईल. त्यासाठी नवा कायदा लागणार नाही. एच-१च्या वह्या गेली अनेक वर्षे भरल्या जात आहेत. तीन वर्षे झाली की त्या रद्दीत जाण्यापूर्वी त्यांची बेरीज करण्याचे काम जिल्ह्याच्या औषध निरीक्षकाकडे सोपवले, तर कोणत्या तालुक्यात काय विकले गेले तेही प्रथमच कळेल.